पीएलएल लॉक झालाय, तरी फ्रिक्वेन्सी चुकते? रेफरन्स क्लॉक ताळ्यावर आणायची सगळी प्रोसेस

मागच्या जानेवारीत रात्री साडेबाराला गच्चीवरच्या डिशमधून क्यूओ-१०० सॅटेलाइटचा बीकन (तो सतत सोडतो तो खुणेचा सिग्नल) पहिल्यांदा दिसला, मी स्क्रीनशॉट काढला, चार मित्रांना पाठवला आणि खुशीत झोपलो, सकाळी दहाला उठून बघतो तर बीकन गायब. आधी वाटलं डिश हलली, वर जाऊन नट आवळले. मग वाटलं केबल, कनेक्टर बदलला. तीनदा गच्चीवर चढलो आणि शेवटी सहज म्हणून वॉटरफॉल (स्क्रीनवरचा फ्रिक्वेन्सीचा सरकता आलेख) बाजूला सरकवला तर बीकन होता तिथेच, फक्त वीस-पंचवीस किलोहर्ट्झ पलीकडे जाऊन बसलेला. डिश, केबल, कनेक्टर कशाचाच दोष नव्हता. एलएनबीच्या (डिशच्या तोंडाशी असते ती डबी, सिग्नल खालच्या फ्रिक्वेन्सीवर आणते) आतला एक २५ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल रात्री गारठला होता आणि सकाळी उन्हात तापला, बस.

हे समजायला मला तीन आठवडे लागले कारण जिथे तिथे वाचायला मिळायचं की "पीएलएल वाला एलएनबी स्टेबल असतो". असतो, पण कशाच्या मानाने ते कोणी सांगत नाही. म्हणून एसडीआर (सॉफ्टवेअरवर चालणारा रेडिओ), सिग्नल जनरेटर मॉड्यूल, घरी बनवलेला व्हीएफओ (फ्रिक्वेन्सी बदलता येणारा ऑसिलेटर) यातलं काहीही घेऊन नवीन बसलेल्यांसाठी हे लिहितोय, क्रमाने करा म्हणजे माझ्यासारखं गच्चीवर चढ-उतर नको.

१. आधी पीएलएल काय करतो आणि काय करत नाही ते डोक्यात बसवा

आपल्या नाशिक ढोलचं पथक डोळ्यासमोर आणा. ताशेवाला लय देतो, चाळीस ढोल ती लय पकडतात. कोणी मागे पडला की ऐकून पुढे येतो, पुढे गेला की थांबतो. आता ताशेवालाच जोशात येऊन लय वाढवायला लागला तर? सगळे ढोल त्याच्यासोबत वाढतात आणि पथकातल्या कोणालाच काही चुकलंय असं वाटत नाही, कारण सगळे एकत्रच आहेत ना.

पीएलएल म्हणजे फेज लॉक्ड लूप. त्यात ताशेवाला म्हणजे रेफरन्स क्लॉक, ढोल म्हणजे व्हीसीओ, म्हणजे व्होल्टेजने फ्रिक्वेन्सी बदलणारा ऑसिलेटर. व्हीसीओच्या फ्रिक्वेन्सीला एन ने भागायचं, ती रेफरन्सशी फेज डिटेक्टरमध्ये ताडून बघायची, जो फरक निघेल तो लूप फिल्टरमधून गाळून व्होल्टेज म्हणून व्हीसीओला द्यायचा. एवढंच. लॉकचा एलईडी लागला याचा अर्थ ढोल ताशासोबत आहेत. ताशा बरोबर लयीत आहे का, हे त्या एलईडीला माहीत नसतं आणि कधीच कळणार नाही.

हिशोब असा: आउटपुट = रेफरन्स × एन ÷ आर (आर म्हणजे रेफरन्सला आधी जितक्याने भागतात तो आकडा). एलएनबीमध्ये २५ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल, त्याला ३९० ने गुणलं की ९७५० मेगाहर्ट्झ, हाच त्याचा लोकल ऑसिलेटर, येणाऱ्या सिग्नलमधून वजा होतो तो. (हाय बँडला ४२४ ने गुणून १०६०० होतं. काही एलएनबीत २७ चा क्रिस्टल असतो, तिथे गुणक वेगळा.) म्हणजे क्रिस्टल १ हर्ट्झने सरकला की आउटपुट ३९० हर्ट्झने सरकतं. पीपीएममध्ये (दहा लाखात किती) बघितलं तर चूक तेवढीच राहते, हर्ट्झमध्ये मात्र एन पट होते.

तोंडी हिशोबाची सोपी युक्ती: आउटपुट जितके मेगाहर्ट्झ, तितके हर्ट्झ दर पीपीएमला. ७.१ मेगाहर्ट्झवर १ पीपीएम म्हणजे ७ हर्ट्झ, कोणाला कळणार पण नाही. १४५ वर १४५ हर्ट्झ, तरी चालून जातं. ९७५० वर पावणेदहा किलोहर्ट्झ, आणि एसएसबीचा (हौशी रेडिओवर बोलायची एक पद्धत) एक आवाज असतो जेमतेम २.७ किलोहर्ट्झ रुंद. म्हणून तोच क्रिस्टल शॉर्टवेव्हवर गुणी बाळ वाटतो आणि मायक्रोवेव्हवर रडवतो.

२. हाताशी काय काय लागेल

सगळं एकदम घेऊ नका. सुरुवातीला एवढं पुरतं:

- आरटीएल-एसडीआर डाँगल (लॅपटॉपला लावायचा छोटा यूएसबी रेडिओ), शक्यतो टीसीएक्सओ (तापमानाची दुरुस्ती आतच करणारा क्रिस्टल ऑसिलेटर) वाला. त्यात २८.८ मेगाहर्ट्झचा क्लॉक असतो. साधा क्रिस्टल असेल तर ३०-६० पीपीएम चूक निघाली तरी घाबरू नका, नॉर्मल आहे.
- लॅपटॉप, त्यावर एसडीआर शार्प किंवा जीक्यूआरएक्स, आणि कॅलिब्रेट-आरटीएल नावाचं छोटं फुकट सॉफ्टवेअर.
- तुमच्या मॉड्यूलच्या पीएलएल चिपची डेटाशीट. एडीएफ४३५१ असो नाहीतर एसआय५३५१, डेटाशीटशिवाय हात लावू नका. मी आधी व्हिडिओ बघून वायरी जोडल्या होत्या, तेव्हा हे पोटतिडकीने सांगतोय.
- हेअर ड्रायर, थर्मामीटर, थर्माकोलचा तुकडा. हसू नका, तिसऱ्या स्टेपला लागतात.
- एक वही.

पार्ट्सचं म्हणाल तर रेझिस्टर, कनेक्टर, एफ प्लग, कोॲक्स एवढं नाशिकच्या एमजी रोडला मिळून जातं. टीसीएक्सओ, एसएमए टू एफ वगैरे चमत्कारिक अडॅप्टर असलं काही हवं असेल तर मी एक चक्कर मुंबईला लॅमिंग्टन रोडला मारतो किंवा ऑनलाइन मागवतो. "टीसीएक्सओ आहे का" विचारल्यावर दुकानदाराने "कुठल्या मोबाईलचा?" असं विचारलं तर वाद घालू नका, पुढच्या दुकानात जा.

आणि हे सगळं ऐकण्यापुरतं आहे. ट्रान्समिट करायचं असेल तर हॅम (हौशी रेडिओ) लायसन्स लागतं, त्यासाठी दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी विंगची परीक्षा असते, रिस्ट्रिक्टेड आणि जनरल असे दोन ग्रेड. ते हातात यायच्या आधी सिग्नल जनरेटरच्या आउटपुटला अँटेना लावू नका, डमी लोडच (सिग्नल बाहेर न सोडता गिळणारा रेझिस्टर) लावा.

३. क्रिस्टल किती सरकतो ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा

ही स्टेप लोक सोडून देतात आणि म्हणूनच पुढे गोंधळतात. अर्धा तास लागतो, पण नंतरचे दोन महिने वाचतात.

एसआय५३५१ चं मॉड्यूल घ्या (२५ किंवा २७ चा क्रिस्टल त्याच्यावरच असतो), आउटपुट १०० मेगाहर्ट्झच्या आसपास लावा, जवळपास एफएम स्टेशन नसेल अशा जागी, आणि डाँगलला इंचभर वायर लावून शेजारी ठेवा. वॉटरफॉल पुरेसा झूम करा, म्हणजे शंभर हर्ट्झ पण दिसले पाहिजेत. आता डाँगल पण गरम होत असतो, त्याचा पण क्लॉक सरकतो, म्हणून आधी दोन्ही वीस-तीस मिनिटं चालू ठेवून गरम होऊ द्या. रेघ सरळ उभी दिसायला लागली की खेळ सुरू.

क्रिस्टलच्या डबीवर बोट ठेवा. रेघ लगेच वाकते. यात दोन गोष्टी मिसळलेल्या असतात, बोटाची ऊब आणि बोटाचं थोडंसं कपॅसिटन्स, त्यामुळे बोट ठेवताक्षणी एक बारीक उडी दिसते आणि मग सावकाश वळण. बोट काढा, उडी लगेच परत जाते, वळण परतायला वेळ घेतं. मग लांबून हेअर ड्रायर मारा, रेघ नदीसारखी वळत जाते. आणि या सगळ्या वेळात पीएलएल लॉकच असतो! एकदा हे बघितलं की लॉकच्या एलईडीवरचा आंधळा विश्वास उडतो, माझा तरी उडाला.

एलएनबीवर हाच प्रयोग मी गच्चीत केला तेव्हा आई कुरडया वाळत घालायला वर आली होती. मी डिशच्या तोंडाशी हेअर ड्रायर धरून उभा आणि खाली लॅपटॉप. "डिश धुतलीस का रे?" एवढंच विचारून ती कामाला लागली.

आता असं का होतं ते थोडक्यात. रेडिओतले बहुतेक क्रिस्टल एटी कट असतात, त्यांचा तापमानाचा आलेख आडव्या एस सारखा असतो, खोलीच्या तापमानाला बऱ्यापैकी सपाट आणि दोन्ही टोकांना तिरका. घरात २५ अंशाच्या आसपास तो शहाण्यासारखा वागतो. पण नाशिकची गच्ची म्हणजे घर नाही. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा पाच-सहावर आला की द्राक्षवाले बागेत शेकोट्या पेटवतात, आपल्याकडे शहरात थोडं बरं असतं पण पहाटे आठ-नऊ अंश होतातच, आणि दुपारी त्याच एलएनबीच्या डबीवर ऊन पडलं की आतलं तापमान हवेपेक्षा कितीतरी वर. एका दिवसात तीस-पस्तीस अंशांचा झोका. हल्ली निफाडच्या पाऱ्याची बातमी आली की द्राक्षवाल्यांच्या आधी मी वाचतो.

(मनगटी घड्याळातला ३२.७६८ किलोहर्ट्झचा क्रिस्टल वेगळा, त्याचा आलेख पॅराबोलासारखा असतो, २५ अंशापासून कुठल्याही बाजूला गेलात तरी तो मागेच पडतो. तो रेफरन्स म्हणून वापरायचा विचार मनात आणू नका.)

४. तुम्हाला किती स्टेबल क्लॉक हवाय ते ठरवा, मगच पैसे काढा

साधारण उतरंड अशी:

- साधा क्रिस्टल: तापमानासकट ±२० ते ±५० पीपीएम
- टीसीएक्सओ: ±०.५ ते ±२.५ पीपीएम
- ओसीएक्सओ, म्हणजे छोट्या भट्टीत ठेवलेला क्रिस्टल: पीपीएमच्या शंभराव्या ते हजाराव्या भागापर्यंत, पण गरम व्हायला वेळ घेतो आणि करंट खातो
- जीपीएसडीओ: जीपीएसच्या मागे बांधलेला ऑसिलेटर, लाँग टर्ममध्ये याला घरगुती तोड नाही

यात एजिंग वेगळं. क्रिस्टल म्हातारा होतो, टीसीएक्सओ पण वर्षाला १ पीपीएमच्या आसपास सरकू शकतो. म्हणजे आज केलेलं कॅलिब्रेशन पुढच्या दिवाळीला चालेल असं धरू नका.

फक्त एफएम आणि विमानांचा बँड ऐकायचाय? टीसीएक्सओ वाला डाँगल घ्या आणि हा लेख इथेच सोडलात तरी चालेल. डब्ल्यूएसपीआर (कमी पॉवरचा सिग्नल किती लांब पोचतो ते बघायचा डिजिटल मोड) करायचंय? तिथे पट्टा २०० हर्ट्झचा, एक सिग्नल ६ हर्ट्झचा आणि ट्रान्समिशन ११०.६ सेकंदांचं, त्या पावणेदोन मिनिटांत सरकलात की डीकोड गेलं. तिथे नुसती अचूकता पुरत नाही, तेवढा वेळ स्थिर राहणं जास्त महत्त्वाचं. मायक्रोवेव्ह, सॅटेलाइट असेल तर जीपीएसडीओपर्यंत जावंच लागतं किंवा मग बीकनला धरून सॉफ्टवेअरमध्ये दुरुस्ती.

५. आधी मोजपट्टी तपासा, म्हणजे डाँगल

इथे सगळ्यात मोठा खड्डा आहे. ऑनलाइन मिळणारा फ्रिक्वेन्सी काउंटर आठ आकडे दाखवतो म्हणून तो आठ आकड्यांपर्यंत खरा असतो असं नाही, त्याच्या पोटात पण एक साधा क्रिस्टलच असतो. तराजूच खोटा असेल तर भाजी कितीदा तोलणार. मी एसआय५३५१ ला अशाच काउंटरवर १०.०००००० वर आणून बसवलं होतं आणि नंतर कळलं की काउंटरच १२ पीपीएमने चुकत होता, म्हणजे मी चांगल्या मॉड्यूलला मनापासून बिघडवलं होतं.

फुकटात मिळणारा बरा रेफरन्स म्हणजे मोबाईलचा टॉवर. जीएसएमच्या मोठ्या टॉवरला स्टँडर्डप्रमाणे फ्रिक्वेन्सी ०.०५ पीपीएमच्या आत ठेवावी लागते. कॅलिब्रेट-आरटीएल हेच वापरतं, टॉवर मधूनमधून एक शुद्ध सूर सोडतो, कॅरियरपासून (चॅनलच्या मधल्या फ्रिक्वेन्सीपासून) ६७.७ किलोहर्ट्झ वर, तो कुठे सापडला यावरून तुमच्या डाँगलची चूक काढतं. जीएसएम-९०० चा डाउनलिंक ९३५ ते ९६० मेगाहर्ट्झ. जिओचं २जी नाही, त्यामुळे टॉवर दुसऱ्या कंपनीचा सापडेल.

कसं करायचं: डाँगल अर्धा तास चालू ठेवा. मग आधी स्कॅन, त्यात सगळ्यात जोरात दिसणारा चॅनल घ्या, मग त्याच चॅनलवर मोजणी. एकदा नाही, पाच वेळा, आणि एका टॉवरवर नाही, दोन-तीन टॉवरवर. सगळे आकडे एकाच्या आसपास आले तर तो पीपीएम वहीत लिहा. एखादा टॉवर फटकून वागत असेल तर तो सोडून द्या, बहुतेक वेळा तिथे रीडिंगच धड झालेलं नसतं.

एफएम स्टेशनवर कॅलिब्रेशन करू नका. बरेच जण आकाशवाणी नाशिक १०१.४ लावतात आणि डोळ्यांनी मध्य धरायला बघतात. एफएमचा सिग्नल बोलण्यासोबत ७५ किलोहर्ट्झ इकडे, ७५ तिकडे झुलतो, त्याचा मध्य अंदाजाने धरणार तरी किती अचूक? शिवाय १०० मेगाहर्ट्झवर १ पीपीएम म्हणजे शंभरच हर्ट्झ. मोजायचं असेल तर जितकी वरची फ्रिक्वेन्सी तितकं बरं.

शॉर्टवेव्हवर चीनचं बीपीएम टाइम स्टेशन ५ आणि १० मेगाहर्ट्झवर रात्री आपल्याकडे ऐकू येतं, ते पण चालतं, पण आयनोस्फिअर हलत असतो त्यामुळे येता येता फ्रिक्वेन्सी दहा लाखात ०.१ इतपत डोलते. एसआय५३५१ साठी पुरे, जास्त अपेक्षा नको.

६. एलएनबीची चूक आणि डाँगलची चूक वेगळी करा

डिशवाल्यांसाठी ही स्टेप खरी महत्त्वाची, बाकीच्यांनी सरळ सातवर जा.

क्यूओ-१०० म्हणजे कतारच्या एस'हेल-२ या सॅटेलाइटवरचा हॅम ट्रान्सपाँडर (सिग्नल घेऊन परत खाली पाठवणारा भाग), नोव्हेंबर २०१८ मध्ये सोडलेला, २६ अंश पूर्वेच्या जवळ. नाशिकहून तो पश्चिम-नैऋत्येला, दिशा साधारण २५३ अंश आणि क्षितिजापासून ३२ अंश वर. फ्री डिशची तबकडी आपल्याकडे आग्नेयेला बघते, म्हणजे जवळजवळ उलटं तोंड, त्यामुळे शेजाऱ्याची डिश बघून दिशा धरू नका. एलएनबी घेताना त्याच्यावर ९.७५ / १०.६ असं लिहिलंय ना बघा आणि पीएलएल वालाच घ्या. जुने, क्रिस्टल नसलेले डीआरओ वाले एलएनबी मेगाहर्ट्झमध्ये सरकतात, त्यांच्या नादी लागू नका.

एलएनबीला १३-१४ व्होल्ट लागतात, ते बायस-टी (त्याच केबलमधून वर डीसी पाठवणारा छोटा डबा) मधून द्या आणि डाँगलकडे डीसी जाणार नाही याची मल्टिमीटरने खात्री करा, मगच डाँगल जोडा. माझा एक डाँगल याच कामी आला. धूर नाही, आवाज नाही, नुसता मुका झाला.

मधला बीकन १०४८९.७५० मेगाहर्ट्झवर आहे. त्यातून ९७५० वजा केले की ७३९.७५० वर दिसायला हवा. समजा तुम्हाला तो ७३९.७१८ वर दिसला. ३२ किलोहर्ट्झ खाली. चूक कोणाची? एलएनबीचा ऑसिलेटर जास्त असेल तरी सिग्नल खाली दिसतो आणि डाँगलचा क्लॉक जास्त असेल तरी खालीच दिसतो, म्हणजे एका बीकनवरून दोन चोर वेगळे करता येत नाहीत. म्हणून आधी पाचवी स्टेप. डाँगलचा पीपीएम टाकल्यावरही ३२ किलोहर्ट्झ उरत असतील तर ते सगळे एलएनबीचे.

मग हिशोब: ३२ ÷ ९.७५ = ३.२८ पीपीएम. म्हणजे २५ मेगाहर्ट्झचा तो क्रिस्टल फक्त ८२ हर्ट्झने जास्त चालतोय. असल्याच पन्नास-साठ हर्ट्झने माझी सकाळ घालवली होती. सॉफ्टवेअरमध्ये एलएनबीचा ऑफसेट ९७५० ऐवजी ९७५०.०३२ टाका.

पण हे टाकताना एकच चूक दोन ठिकाणी टाकू नका. पीपीएमच्या रकान्यात पण थोडं, ऑफसेटमध्ये पण थोडं, असं करत गेलात की आज जुळतं आणि उद्या कुठलाच आकडा खरा राहत नाही. डाँगलचं डाँगलच्या रकान्यात, एलएनबीचं ऑफसेटमध्ये.

एवढं करून दुपारी तो परत सरकेल, ते चालायचंच. मी एलएनबीच्या डबीभोवती थर्माकोल बांधून वर पांढरा पाइपचा तुकडा बसवला (फीडच्या तोंडापुढे काही येऊ देऊ नका), त्याने एकूण सरकणं फारसं कमी झालं नाही पण ढग आला-गेला की जे झटके बसायचे ते गेले. सावकाश सरकणारा सिग्नल हाताने किंवा सॉफ्टवेअरने धरता येतो, झटके देणारा नाही.

७. बाहेरचा रेफरन्स जोडताना

शेवटी सगळे १० मेगाहर्ट्झच्या जीपीएसडीओवर येतात. जोडायला सोपं वाटतं, एक केबल लावायची की झालं. तसं नाही.

पहिलं, सॉफ्टवेअरला सांगा की रेफरन्स बदललाय. एडीएफ४३५१ च्या बोर्डावर बहुतेक वेळा २५ मेगाहर्ट्झ असतो. तो काढून १० दिला आणि रजिस्टरमध्ये २५ च ठेवलं तर चिपला वाटतं २५ आहे. १००० मेगाहर्ट्झ मागितलेत तर आत व्हीसीओ ४००० वर हवा, पण १० च्या हिशोबाने तो १६०० वर जायला बघतो आणि त्याची रेंज आहे २२०० ते ४४००. लॉक लागतच नाही आणि माणूस जीपीएसडीओला शिव्या घालत बसतो.

दुसरं, लेव्हल. एडीएफ४३५१ ला रेफरन्स पिनवर कमीत कमी ०.७ व्होल्ट पीक-टू-पीक लागतं. ५० ओहममध्ये ० डीबीएम (१ मिलिवॅट) म्हणजे ०.६३ व्होल्टच होतात, म्हणजे काठावर नापास. कधी लॉक होतो, कधी नाही, संध्याकाळी चालतो, सकाळी रुसतो, असला वैताग आला तर आधी लेव्हल बघा. सिग्नल कपॅसिटरमधूनच द्या.

तिसरं, फेज डिटेक्टरची फ्रिक्वेन्सी बदलली की लूप फिल्टरचं गणित बदलतं. बोर्डावरचे रेझिस्टर-कपॅसिटर २५ साठी बसवलेले असतात. १० वर चालेल बहुधा, पण लूपची बँडविड्थ तीच राहणार नाही.

एसआय५३५१ चं मॉड्यूल असेल तर लक्षात ठेवा, आपल्याकडे सगळीकडे मिळतो तो ए वाला, तो क्रिस्टलसाठीच बनवलेला आहे. बाहेरून १० मेगाहर्ट्झ घ्यायला वेगळी क्लॉक इनपुट पिन असते ती सी वाल्याला. मी ऑर्डर करताना फक्त आकडा बघितला, शेवटचं अक्षर बघितलंच नाही. क्रिस्टलवरच चालवणार असाल तर लायब्ररीत करेक्शनचा आकडा टाकता येतो, तो बऱ्याचदा पीपीबी (शंभर कोटीत किती) मध्ये असतो, म्हणजे पीपीएमच्या आकड्याला हजारने गुणून टाकायचा, आणि चिन्ह उलटसुलट व्हायचा धोका असतो. टाकल्यावर चूक दुप्पट झाली तर समजून जा.

८. स्थिर आहे पण घाण आहे, असंही होतं

आता हे थोडं किचकट, पण वगळू नका. क्लॉकचे दोन गुण वेगळे असतात, एक सावकाश सरकणं, दुसरं आतल्या आत थरथरणं. पीएलएल रेफरन्सकडे बघताना लो-पास फिल्टरसारखा वागतो. लूपच्या बँडविड्थपेक्षा हळू जे काही होतं ते सगळं आउटपुटला जसंच्या तसं जातं, त्यापेक्षा वेगवान थरथर अडवली जाते आणि तिथून पुढे व्हीसीओचा स्वतःचा नॉइज दिसतो. म्हणून तापमानाचं सरकणं कुठलाच लूप फिल्टर थांबवू शकत नाही, कपॅसिटर कितीही मोठा टाका.

जे आत शिरतं ते गुणाकाराने वाढतं पण. फेज नॉइज, म्हणजे हीच थरथर, २० लॉग एन ने वाढतो. १० मेगाहर्ट्झचं १००० केलं की ४० डीबी, २५ चं ९७५० केलं की जवळजवळ ५२ डीबी. १० मेगाहर्ट्झवर स्कोपमध्ये सुंदर दिसणारा क्लॉक वर जाऊन खरखरीत होतो, बीकनची बारीक रेघ जाऊन सुरवंट दिसायला लागतो.

याचं घरगुती उदाहरण म्हणजे यू-ब्लॉक्सचं जीपीएस मॉड्यूल. त्याच्या टाइम पल्स पिनवर सॉफ्टवेअरने १० मेगाहर्ट्झ लावता येतो, सरासरी एकदम खरी. पण आतला क्लॉक ४८ मेगाहर्ट्झचा, त्याला १० ने पूर्ण भाग जात नाही, मग ते कधी चार तर कधी पाच टिक मोजून सरासरी जुळवतं. ही थरथर पीएलएलमध्ये घातली की आउटपुटवर नको त्या ठिकाणी काटे उभे राहतात. ८, १२, १६, २४ असं पूर्ण भाग जाणारं घेतलंत तर बरंच स्वच्छ मिळतं. म्हणूनच नीट जीपीएसडीओमध्ये जीपीएस नुसतं हळूहळू कान पिळायला असतं आणि रोजचं काम एक चांगला ओसीएक्सओ करतो. म्हणजे तो पण एक पीएलएलच, फक्त खूप संथ.

पॉवर सप्लायकडे पण बघा. स्वस्त बक कन्व्हर्टरवर (व्होल्टेज कमी करणारा स्विचिंग सप्लाय) टीसीएक्सओ चालवला तर त्याचं स्विचिंग क्लॉकवर बसतं आणि गुणाकार होऊन वर दिसतं. क्लॉकला वेगळा लिनियर रेग्युलेटर द्या, अगदी छोटा चालेल.

जीपीएस अँटेनाला मोकळं आकाश हवं. फ्लॅटच्या बाल्कनीतून अर्धंच आकाश दिसतं, समोरच्या बिल्डिंगवरून आपटून आलेले सिग्नल मिळतात आणि लॉक ये-जा करतो. गच्चीवर लावलात तर जूनच्या आधी कनेक्टरवर रबर टेप गुंडाळा, आपल्याकडे पाऊस आडवा लागतो, एकदा कोॲक्समध्ये पाणी शिरलं की ती केबल फेकायचीच.

९. वही

रोज नाही, आठवड्यातून एकदा. तारीख, वेळ, बाहेरचं तापमान, डाँगलचा पीपीएम, बीकन कुठे दिसला, आणि चालू करून किती वेळ झाला. शेवटचा रकाना लोक लिहीत नाहीत आणि मग दोन महिन्यांनी आकडे जुळत नाहीत कारण अर्धे थंड डाँगलवर घेतलेले असतात.

माझ्या वहीत जानेवारीच्या पानावर पहाटे आणि दुपारच्या बीकनमध्ये एका दिवसात २८ किलोहर्ट्झचा फरक आहे, मेच्या पानावर त्याच्या निम्म्याने, कारण मेमध्ये रात्र पण उकडते. ऑगस्टमध्ये तर ढगांमुळे दिवसभरात चार-पाच किलोहर्ट्झच. नवीन एलएनबीची पहिली टेस्ट पावसाळ्यात घेऊन "हा स्टेबल आहे" असं मित्राला सांगू नका, मी सांगितलं होतं, त्याने पण तोच घेतला आणि थंडी सुरू झाल्यापासून त्याचा रोज सकाळी फोन येतो.